कॉम्प्युटर मात कशी शोधतो आणि अडकलेलं बिल कसं सोडवायचं

व्हिडिओत पटावर दाखवलं तेच इथे आकड्यांसकट लिहून देतोय.

बुद्धिबळात एका वेळी साधारण तीसेक चाली शक्य असतात. तीन चालींत मात म्हणजे आपल्या तीन आणि समोरच्याच्या दोन, एकूण पाच पायऱ्या. तीसला तीसने गुणत पाच पायऱ्या चढलात की रस्ते होतात 2 कोटी 43 लाख! पण आपण फक्त शहच द्यायचे ठरवले, आपल्याकडे चार शह आणि समोरच्याला सुटायला तीनच वाटा धरल्या, तर 4×3×4×3×4, म्हणजे 576. म्हणूनच मात शोधणारा प्रोग्रॅम आधी शह तपासतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपली एक चाल बरोबर निघाली तरी पुरते, पण समोरच्याचं प्रत्येक उत्तर तपासावंच लागतं. एक सुटका सापडली की कॉम्प्युटर ती फांदी तिथेच तोडतो. 1994 मध्ये व्हिक्टर अ‍ॅलिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेली 'प्रूफ नंबर सर्च' पद्धत तर आधी तिथेच खोदते, जिथे सिद्ध करायला सगळ्यात कमी उरलंय. माणसाचं उलट होतं. नोव्हेंबर 2006 मध्ये बॉनला जगज्जेता क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'विरुद्ध खेळताना एका चालीची मात बघायलाच विसरला. वजीर एच-7 वर आला, खेळ खलास.

आता धंद्यावर येऊ. समजा अँटॉप हिलला तुमचं शिलाईचं युनिट आहे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवता. 1 लाख 80 हजारांचं बिल अडकलंय आणि शनिवारी कारागिरांची मजुरी द्यायचीय. 'साहेब, पेमेंटचं बघा ना' असा मेसेज म्हणजे मोकळी चाल. त्याला तीस उत्तरं आहेत: अकाउंटवाला रजेवर, पुढच्या आठवड्यात, बघतो.

शह कुठला? माल देण्याआधी उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु युनिटला, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. हे तारखेसकट लेखी पाठवा. मग उत्तरं उरतात तीनच.

पैसे दिले, विषय संपला.

'माल खराब होता' म्हणाला, तर डिलिव्हरीपासून 15 दिवसांत त्याची लेखी हरकत आली होती का ते बघा. आली नसेल, तर माल डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. म्हणून चलनावर सही, शिक्का, तारीख हवीच. (हे न घेणारे किती जण भेटतात म्हणून सांगू!) पुढे फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो.

तिसरं उत्तर, 'पुढची ऑर्डर बंद', हे खरं डोकेदुखीचं. तुमचं सत्तर टक्के काम त्याच एका गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर ही त्याची सुटका आहे आणि तुमची फांदी तिथेच तुटते. अवघड कोड्यांतही असंच असतं. सगळे शह फसतात आणि मात लागते ती आधी खेळलेल्या एका शांत चालीने. इथे ती चाल म्हणजे दुसरं गिऱ्हाईक. ते मिळेपर्यंत नोटीस लिहून ठेवा, पाठवू नका.