लुईस कॅरोल यांचे दप्तर

'अ‍ॅलिस'च्या नवलकथेचे लेखक म्हणून लुईस कॅरोल हे नाव शिक्षकांच्या परिचयाचे असते. परंतु ते टोपणनाव होय. त्यांचे खरे नाव चार्लस डॉजसन. ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकविणे हा त्यांचा व्यवसाय होता. छायाचित्रणाची कला नवी असताना, १८५६ मध्ये, त्यांनी कॅमेरा विकत घेतला व १८८० पर्यंत ते छायाचित्रे घेत राहिले. १८९८ च्या जानेवारीत ते वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांची हकिकत खेड्यातील शाळेशी वरवर असंबद्ध वाटेल; पण तसे नाही.

डॉजसन अकरा भावंडांपैकी एक. वडील धर्मोपदेशक होते. १८४३ मध्ये हे कुटुंब यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट या गावी राहावयास गेले. तेथे भावंडांच्या करमणुकीसाठी या मुलाने आपल्या शाळांतून निघतात तशी हस्तलिखिते काढण्यास आरंभ केला. त्यांपैकी पहिले १८४५ चे, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षाचे. ते धाकट्या भाऊबहिणीसाठी लिहिले होते, आणि तब्बल १०९ वर्षांनी, १९५४ मध्ये, छापले गेले. मधली काही हस्तलिखिते हरवली. १८५५ मध्ये 'मिशमॅश' या नव्या हस्तलिखिताच्या प्रस्तावनेत डॉजसन यांनी आधीच्या सर्वांची हकिकत लिहून ठेवली, म्हणून हरवलेल्यांविषयी आज काही तरी सांगता येते.

याच 'मिशमॅश'मध्ये चार ओळींचे एक कडवे आहे. त्यातील बहुतेक शब्द कोणत्याही कोशात न सापडणारे. प्राचीन इंग्रजी काव्याचा नमुना म्हणून त्यांनी ते थट्टेने दिले आणि शब्दांचे अर्थही गंभीरपणे लिहिले. पुढे १८७१ च्या अखेरीस अ‍ॅलिसचे दुसरे पुस्तक निघाले. त्यातील 'जॅबरवॉकी' या सुप्रसिद्ध कवितेचे पहिले कडवे तेच आहे. घरातील थट्टेचे कागद जपले गेले नसते, तर ही कविता सोळा वर्षे आधी अंकुरली होती हे कोणाला कळले असते?

मूळ कथेचे हस्तलिखितही असेच भाग्यवान. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून फिरताना डॉजसन यांनी लिडेल कुटुंबातील तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली. दहा वर्षांच्या अ‍ॅलिसने ती लिहून देण्याचा हट्ट धरला. स्वतः ३७ चित्रे काढून, सुवाच्य अक्षरात लिहिलेली ती वही त्यांनी तिला नोव्हेंबर १८६४ मध्ये भेट दिली. शेवटच्या पानावर अ‍ॅलिसचे स्वतः घेतलेले छायाचित्र डकविलेले होते. त्याखाली तिचे रेखाचित्र दडले आहे, हे १९७७ मध्ये उमगले! वृद्धपणी अ‍ॅलिसने १९२८ मध्ये वही विकली, तेव्हा तिला १५,४०० पौंड मिळाले. वही अमेरिकेत गेली. १९४८ मध्ये काही अमेरिकन दात्यांनी ती इंग्लंडला परत दिली. आता ती लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे.

इतर कागदांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. छायाचित्रांसाठी त्या काळी काचेला कोलोडियनचा लेप देऊन ती चांदीच्या क्षारात बुडवीत, व ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. तोवर समोरच्या मुलाने हलता कामा नये. इतक्या खटाटोपाने घेतलेल्या सुमारे ३,००० चित्रांपैकी हजाराहून कमीच उरली आहेत. उरलेले काही संग्रह अमेरिकेत, प्रिन्स्टन व टेक्सास येथील विद्यापीठांत आहेत. रोजनिशीचे तेरा खंड होते. चरित्रकार भाच्याने ते पाहिले होते. पुढे चार गहाळ झाले, आणि उरलेल्या नऊ खंडांतील काही पाने कोणी कापून घेतली. लहान मुलींशी असलेल्या त्यांच्या स्नेहाविषयी व काही छायाचित्रांविषयी पुढे तीव्र वाद माजला. ज्या कागदांवरून त्याचा निवाडा करावा, तेच नाहीत. कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी पाने कापली असतील, तर परिणाम नेमका उलट झाला असे म्हणावे लागते.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट पत्रांच्या नोंदवहीची. १ जानेवारी १८६१ पासून अखेरपर्यंत आलेल्या व गेलेल्या प्रत्येक पत्राचा क्रमांक, तारीख व गोषवारा त्यांनी नोंदविला. शेवटचा क्रमांक ९८,७२१ होता. उत्तराच्या नोंदीपाशी मूळ पत्राचा क्रमांक व मूळ नोंदीपाशी उत्तराचा, अशी जोडणी ते करीत. आपल्या आवक-जावक नोंदवहीत ही युक्ती कोणत्याही मुख्याध्यापकास योजता येईल. ती नोंदवही आज नाही; पद्धत मात्र त्यांनी १८९० मध्ये पत्रलेखनावरील एका पुस्तिकेत सांगितली, म्हणून टिकली.

आपल्याकडे शाळांची हस्तलिखिते स्नेहसंमेलनात मांडली जातात, पाहुण्यांचा शेरा घेतला जातो आणि नंतर ती कपाटावर चढतात. मुख्याध्यापकांची बदली झाली की ती रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही, कारण ती कोणत्याच यादीवर नसतात. जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्रत्येक अंकाची स्वतंत्र नोंद घ्यावी, म्हणजे पदभार देताना तो मोजून द्यावा लागेल. अंक वाळवीपासून दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवावेत व पावसाळ्यानंतर एकदा उघडून सावलीत हवा द्यावी. चित्रे डकविण्यास खळ वापरल्यास तीत थोडा मोरचूद घालावा, नाही तर कसर लागते. हे काम मात्र शिक्षकाने स्वतः करावे, कारण मोरचूद विषारी असतो. पहिल्या पानावर तारीख, इयत्ता व लिहिणाऱ्या मुलांची नावे मुलांच्याच हस्ताक्षरात असावीत. 'मिशमॅश'च्या प्रस्तावनेखाली १३ ऑगस्ट १८५५ ही तारीख आहे, आणि अभ्यासकांना तिचा आजही उपयोग होतो.