स्वप्नाचा अर्थ कुणाला विचारायचा?

प्रश्न : आई गेल्यापासून वरचेवर स्वप्नात येते. ओट्याशी उभी असते आणि ‘भूक लागलीय’ म्हणते. शेजारच्या काकू म्हणतात, तिचा जीव अडकलाय, कुणाला तरी दाखवून घ्या. आम्ही बौद्ध आहोत, घरात असलं काही करत नाही. पण मग बुद्धांची आई महामाया हिला पडलेल्या हत्तीच्या स्वप्नाचं काय? बुद्धांनी स्वप्नं मानली की नाही?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : हत्ती तुम्ही बरोबर पकडलात. बौद्ध कलेतून तो हलवता येत नाही. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या कठड्यावर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं एक गोल शिल्प आहे. आता ते कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. महामाया पलंगावर झोपलीय, जवळ दासी बसल्यात, दिवा जळतोय आणि वरून भलामोठा हत्ती अलगद उतरतोय. आपल्या अजिंठ्यालाही क्रमांक 2 च्या लेण्यात हे स्वप्न रंगवलेलं आहे. स्वप्नाचा अर्थ सांगायला ब्राह्मण बोलावल्याची कथाही जुनीच.

बाबासाहेबांनी मात्र 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये हत्ती ठेवला नाही. तिथे सुमेध नावाचा बोधिसत्त्व महामायेच्या स्वप्नात येऊन विचारतो, मी शेवटचा जन्म घेणार आहे, तू माझी आई होशील का? ती आनंदाने होकार देते. मला हा बदल फार आवडतो. इथे स्वप्नात बाईला विचारलं जातं आणि ती स्वतः उत्तर देते. अर्थ सांगणारे आठ ब्राह्मण मात्र त्यांच्याही कथेत आहेत.

तेव्हा ‘मानली की नाही’ याचं एका शब्दात उत्तर मिळायचं नाही. बौद्ध ग्रंथांत स्वप्नं भरपूर आहेत. पण स्वप्नाचा अर्थ सांगून पोट भरणं बुद्धांनी भिक्षूंना साफ मना केलं. दीघनिकायातलं पहिलंच सुत्त, ब्रह्मजालसुत्त, घ्या. श्रद्धावंतांनी दिलेलं अन्न खाऊन कोणकोणत्या हलक्या विद्यांवर जगू नये, याची तिथे लांबलचक यादी आहे. तीत अंगावरच्या खुणा वाचणं आहे, स्वप्नाचे अर्थ सांगणं आहे आणि त्यांच्याच शेजारी उंदराने कुरतडलेल्या कापडावरून भविष्य सांगणंही आहे. स्वप्नफल कोणत्या पंगतीला बसवलंय ते बघा!

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. महासुपिन जातकातली ही कथा. कोसलाचा राजा पसेनदी याला एका रात्री सोळा स्वप्नं पडली आणि तो घाबरून उठला. सकाळी ब्राह्मणांना विचारलं, तर ते म्हणाले की राज्य, जीव किंवा संपत्ती यांपैकी कशावर तरी संकट येणार. उपाय? प्रत्येक जातीचे चार-चार प्राणी बळी देऊन यज्ञ. लगेच खड्डा खणला, जनावरं आणून खुंटांना बांधली. ब्राह्मणांच्या सारख्या खेपा सुरू झाल्या. हे आणा, ते आणा. राणी मल्लिकेच्या ते लक्षात आलं. काय चाललंय ते तिने राजाला विचारलं आणि म्हणाली, जेतवनात बुद्ध आहेत, त्यांना विचारलंत का? राजाला ते सुचलंच नव्हतं.

बुद्धांनी स्वप्नं ऐकून घेतली. काही मोठी गमतीची आहेत. चार काळे बैल झुंजायला राजाच्या अंगणात येतात, माणसं बघायला जमतात, बैल डुरकतात आणि न झुंजताच निघून जातात. अर्थ काय, तर पुढे अधर्मी राजांच्या काळात ढग जमतील, गडगडतील आणि पाऊस न पाडताच जातील. (मराठवाड्याच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.) दोन्ही टोकांना तोंड असलेला घोडा दोन्हीकडून चारा खातो : दोन्ही पक्षांकडून लाच खाणारे न्यायाधीश येतील. भरलेल्या रांजणातच लोक पाणी ओतत राहतात, आजूबाजूची रिकामी मडकी तशीच : रयत स्वतःच्या कणग्या रिकाम्या ठेवून राजाचं कोठार भरेल. प्रत्येक स्वप्नानंतर बुद्ध सांगतात की यातलं काहीही तुझ्या काळात व्हायचं नाही, तुला भय नाही. ब्राह्मण बोलले ते पोटासाठी. शेवटी यज्ञ रद्द होतो, जनावरं सोडून दिली जातात.

म्हणजे बुद्धांनी इथे अर्थ सांगितला, हे खरंच. पण त्या अर्थात राजाच्या ग्रहदशेचा विषय नाही. राज्य कसं बिघडतं, एवढाच आहे. आणि अर्थ ऐकून राजाचा खर्च वाचला, मुक्या जिवांचे प्राण वाचले. याच जातकातल्या मागच्या जन्माच्या कथेत एक शिष्य गुरूला विचारतो, दुसऱ्याचा जीव घेऊन कुणाचं भलं होतं असं आपल्या वेदांत कुठे आहे? गुरू म्हणतो, यातून आपल्याला धन मिळणार आहे, तुला राजाचा खजिना राखायचाय का! ‘दाखवून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या मागे कोण उभं असतं, ते इतक्या जुन्या कथाकारालाही ठाऊक होतं.

स्वप्न मुळात का पडतं, याचा विचार ‘मिलिंदपञ्ह’मध्ये आहे. सागल नगरीत, म्हणजे बहुधा आजच्या पाकिस्तानातल्या सियालकोटला, ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनांना हे विचारतो. नागसेन सहा कारणं सांगतात : वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, मनाला जडलेली सवय आणि पुढच्या घटनेची सूचना. खरं ठरतं ते फक्त शेवटचं, बाकी पाच नाहीत. शिवाय स्वप्न गाढ झोपेत पडत नाही, माकडासारख्या हलक्या डुलकीत पडतं, असंही ते म्हणतात. पुढे अट्ठकथाकारांनी, म्हणजे पाली ग्रंथांच्या भाष्यकारांनी, तर सांगितलं की अर्हताला स्वप्नंच पडत नाहीत. मनाचे विपर्यास संपले की स्वप्नाला आधार उरत नाही. बोधिसत्त्वाला ज्ञानप्राप्तीआधी पडलेली पाच महास्वप्नं अंगुत्तरनिकायात आहेत, पण ती त्यांचीच; तुमच्या-माझ्या स्वप्नांना तो मान द्यायचं कारण नाही. पुढच्या काळात बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने स्वप्नाचा उपयोग तत्त्वज्ञानाच्या वादात केला आणि तिबेटात नरोपाच्या परंपरेत स्वप्नयोग ही साधनाच झाली. तिथेही पडलेल्या स्वप्नाचं फळ विचारत नाहीत, स्वप्नातही जागं राहायला शिकतात.

तुमच्या आईचं स्वप्न माझ्या मते नागसेनांच्या पाचव्या कारणात बसतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. ज्या बाईला आयुष्यभर ओट्यापाशी पाहिलं, ती स्वप्नात दुसरीकडे कुठे दिसणार?

एक गोष्ट मात्र लपवत नाही, नाहीतर काकू मला खोटं पाडतील. मेलेले नातेवाईक काही मागतात, ही कल्पना बौद्ध परंपरेत अजिबात नाही असं नाही. राजा बिंबिसाराने दान दिलं, पण मृत आप्तांच्या नावे पुण्य दिलं नाही. त्या रात्री प्रेत झालेल्या आप्तांनी भयंकर आवाज करून त्याला घाबरवलं, अशी कथा अट्ठकथेत आहे. बुद्धांनी त्याला भिक्षुसंघाला दान द्यायला आणि ते पुण्य आप्तांना अर्पण करायला सांगितलं. उतारा, गंडा, बळी यांचं नावही काढलं नाही. बाबासाहेबांच्या वाटेने बुद्धाकडे आलेल्यांना ही प्रेतकथा पटणार नाही, मलाही पटत नाही. पण दान आपण तरीही देतोच.

तेव्हा कुणालाही काही दाखवू नका. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला नसेल आणि मनात असेल तर करा, विहारात किंवा एखाद्या वसतिगृहात आईच्या नावाने जेवण द्या. मात्र स्वप्नाच्या धाकाने नको. झोपण्याआधी थोडा वेळ मैत्रीभावना करा. मैत्रीचे अकरा लाभ अंगुत्तरनिकायात सांगितलेत; सुखाने झोप लागते आणि वाईट स्वप्नं पडत नाहीत, हे त्यांतलेच. एवढं करूनही झोप उडत असेल, दिवसाही जीव घाबरत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारी रुग्णालयातही ते भेटतात. आणि आई नुसती दिसून जात असेल, तर येऊ द्या तिला.