तान्ह्या बाळाचे डोळे कसे जपावेत

सुरुवात गरोदरपणातच करावी. अंगावरून पिवळसर, वास येणारं पाणी जात असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर तपासणीला गेल्यावर ते न लाजता सांगा. परमा आणि क्लॅमिडिया या आजारांचे जंतू प्रसूतीच्या वाटेतच बाळाच्या डोळ्यांत शिरतात. औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यायचं, नाहीतर आजार फिरून येतो. पुष्कळदा त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून दवाखान्यात आधीच विचारून ठेवा: जन्मल्यावर बाळाच्या डोळ्यांत प्रतिजैविक मलम घालता का? १८८१ साली लाइपझिगच्या डॉ. क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यांच्या प्रसूतिगृहात बाळांच्या डोळ्यांच्या या लागणीचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आलं. आता त्या जागी बहुधा एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनचं मलम वापरतात.

घरी आल्यावर डोळे पुसायचे ते असे. पाणी उकळून पूर्ण गार होऊ द्या. साबणाने हात धुवा, नखं कापलेली असू द्यात. स्वच्छ कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून पिळा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच, हलक्या हाताने फिरवा. तो बोळा टाकून द्या. पुन्हा पुसायचं तर नवा बोळा, दुसऱ्या डोळ्यालाही नवाच. एका डोळ्यात चिपडं असतील तर आधी चांगला डोळा पुसा. सुकलेली चिपडं नखाने खरवडू नका, ओला बोळा थोडा वेळ टेकवून ठेवला की ती आपोआप सुटतात. पदराने किंवा घरातल्या पंचाने बाळाचे डोळे कधीच पुसू नयेत.

काजळ, मध, तेल, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यातलं काहीही डोळ्यांत घालू नका. हे आजीला आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आधीच, प्रेमाने पण ठाम सांगा. काजळाच्या बोटाबरोबर जंतू जातात, आणि काही काजळ-सुरम्यांत शिसं असतं. दृष्ट लागेल याची काळजी वाटत असेल तर तीट तळपायाला लावावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पापण्या सुजल्या, डोळा लाल झाला, पू येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. परम्याची लागण बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दिसते, आणि उपचार लांबला तर बुबुळाला भोक पडून दृष्टी जाऊ शकते. अशा बाळाला नुसते थेंब पुरत नाहीत, इंजेक्शन लागतं. क्लॅमिडियाची लागण साधारण ५ ते १४ दिवसांत कळते, तिला पोटातून औषध द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात, नेण्यासाठी १०८ किंवा १०२ ला फोन करा.

लाली वा सूज नसताना एका डोळ्यातून नुसतं पाणी येत असेल, तर बहुधा अश्रुनलिका बंद असते. तरी डॉक्टरांना दाखवा. कोपऱ्यापासून खाली नाकाच्या बाजूने मालिश कशी करायची ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या. वर्षभरात बहुतेक बाळांची ही नळी आपोआप मोकळी होते.