जुने संगणक आणि प्रणालीचा गाभा

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याची दोन रूपे आज शेजारी शेजारी नांदत आहेत. एकीकडे हिंजवडी-माण परिसरातील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, तर दुसरीकडे मुळशी धरणाच्या जलाशयाकाठची व ताम्हिणी घाटाकडील लहान लहान गावे. या गावांतील ग्रामपंचायतीचे दाखले आणि शाळेच्या नोंदीही आता संगणकावर होतात. अशा वेळी सुस्थितीत असलेला जुना संगणक एके दिवशी नव्या प्रणालीस अपात्र का ठरतो, हा प्रश्न सरपंच, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

गाभ्याचे कार्य

प्रोसेसर हा संगणकाचा आज्ञा पाळणारा मुख्य भाग होय. या प्रोसेसरचा वेळ, स्मृती आणि जोडलेली उपकरणे यांची वाटणी करणारा जो आज्ञासंच, त्यास कार्यप्रणालीचा गाभा अथवा कर्नल म्हणतात. निरनिराळ्या काळातील प्रोसेसर निरनिराळ्या आज्ञा जाणतात. जितके अधिक प्रकार सांभाळावयाचे, तितक्या पळवाटा व अपवाद गाभ्यात लिहावे लागतात.

३८६ ची निवृत्ती

इंटेल कंपनीचा ३८६ हा प्रोसेसर १९८५ साली पुढे आला. हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला तो याच प्रकारच्या संगणकावर. पुढे याच गाभ्यातून ३८६ ला निरोप द्यावा लागला. इंगो मोल्नार यांनी डिसेंबर २०१२ मध्ये तसा बदल सादर केला, टॉरवाल्ड्स यांनी तो स्वीकारला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून हा आधार संपला.

कारण तांत्रिक होते. एकाच नोंदवहीत दोन कारकून एकाच क्षणी लिहू लागले, तर नोंदी चुकतात. संगणकातही हेच घडते. म्हणून स्मृतीतील आकडा तपासणे आणि तो जुळल्यास बदलणे, ही दोन्ही कामे मध्ये खंड न पडता एकाच आज्ञेने व्हावी लागतात. ही आज्ञा ४८६ मध्ये आली; ३८६ मध्ये ती नव्हती. शिवाय, ‘येथे लिहू नये’ अशी खूण केलेल्या स्मृतीच्या पानाची मर्यादा गाभा स्वतः लिहीत असताना ३८६ पाळीत नसे. या उणिवा भरून काढण्यासाठी निराळ्या तरतुदी जपाव्या लागत. काढून टाकलेला मजकूर सुमारे ४०० ओळींचाच होता. परंतु प्रत्येक नवा बदल करताना त्याचे भान ठेवावे लागे.

मुळशी-मावळच्या शेतकऱ्यास आंबेमोहोराचे बियाणे राखण्याची रीत ठाऊक आहे. जे बियाणे वर्षानुवर्षे पेरले जात नाही, त्याच्या उगवणीची हमी कोणी देत नाही. ज्या मजकुराची प्रत्यक्ष यंत्रावर चाचणी होत नाही, त्याचेही तसेच आहे. तो चालतो असे मानणे हाच मोठा धोका ठरतो. इटॅनियम या प्रोसेसरचा आधारही याच न्यायाने जानेवारी २०२४ मधील ६.७ या आवृत्तीतून गेला.

पुण्यालाही हा क्रम नवीन नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. त्यातील ट्रान्सप्यूटर जातीचे प्रोसेसर कालांतराने ‘परम’ संगणकांत राहिले नाहीत. यंत्र बदलले, तरी त्यातून मिळालेले ज्ञान पुढे चालत राहिले.

गावापुढील प्रश्न

आधार काढणे म्हणजे यंत्र बंद पाडणे नव्हे, हे ध्यानी घ्यावे. जुनी प्रणाली असलेला संगणक पूर्ववत चालतो. मात्र नव्याने उघड झालेल्या सुरक्षा-दोषांवर दुरुस्ती मिळत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, मुदतवाढीची मर्यादित सोय वगळता, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ अनेक जुने प्रोसेसर स्वीकारीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स संचानेही जुन्या ३२-बिट संगणकांसाठी गाभा व स्थापनेची सोय देणे थांबविले. सी-डॅकचा ‘बॉस’ हा भारतीय संच डेबियनवरच आधारलेला असल्याने आपल्याकडेही या निर्णयाची दखल घेणे भाग आहे.

अभियंत्याच्या दृष्टीने जे ओझे हलके झाले, ते खर्चाच्या रूपाने लहान ग्रामपंचायतीच्या शिरावर येऊ शकते. नागरिकांची माहिती असलेला असुरक्षित संगणक जाळ्याशी जोडून ठेवणे हे तर त्याहून महाग पडेल. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर, खरेदीचे वर्ष, प्रणाली व तिच्या आधाराची अखेरची तारीख जडवस्तू-नोंदवहीत लिहावी.

२. संगणक टाकून देण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर ६४-बिट आहे काय ते तपासावे. गेल्या पंधरा वर्षांतील बहुतेक संगणक तसे असतात; त्यांवर ३२-बिट प्रणाली घातलेली असली, तरी ६४-बिट लिनक्स बहुधा चालू शकते. मात्र कार्यालयीन कामाची सॉफ्टवेअरे त्यावर चालतात याची खात्री आधी करून घ्यावी.

३. आधार संपलेला संगणक जाळ्यापासून अलग करून शाळेत टंकलेखन वा सरावासाठी वापरावा.

४. निकामी संगणकातील माहिती पुसून तो नोंदणीकृत पुनर्वापर वा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची दिशाही हीच आहे.

नवा संगणक घेताना किंमत तर पाहावीच. पण त्याला आधार किती वर्षे मिळणार, हेही खरेदीपूर्वी विचारावे. हा एक प्रश्न वेळीच विचारला, तर अंदाजपत्रकात त्याची तरतूद आधीच करता येईल आणि दाखल्यासाठी दारी आलेल्या ग्रामस्थास परत जावे लागणार नाही.