पॉइंट्सवरचं विमान तिकीट खरंच फुकट असतं का? (अर्थनियोजन – पूरक पाठ)



नववी-दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. मुलं बचत, गुंतवणूक, कर शिकतात, गुणही मिळवतात. पण घरात विमानाचं तिकीट काढायची वेळ आली की हे गणित वहीतच राहतं. मुलगा किंवा मुलगी परदेशी असली की आई-बाबा क्रेडिट कार्डावरचे पॉइंट्स वर्षानुवर्षे जपून ठेवतात. मग एक दिवस संगणकासमोर बसल्यावर लक्षात येतं, की पॉइंट्स देऊनही वर रोख रक्कम भरायचीच आहे. ही रक्कम कसली, आणि जाण्याचं व येण्याचं तिकीट वेगवेगळं काढावं का, हे मुलांकडूनच सोडवून घेऊ या.

आधी थोडी माहिती

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी पॉइंट्सची योजना सुरू केली. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती पद्धत उचलली. तिकिटाच्या किमतीत साधारण तीन भाग असतात: मूळ भाडं, कंपनीचे अधिभार, आणि सरकारी कर व विमानतळाचं शुल्क. पॉइंट्स बहुतेक वेळा फक्त मूळ भाड्याच्या जागी चालतात. कर भरावा लागतोच, आणि काही कंपन्या अधिभारही घेतात.

दोन्ही दिशांचं शुल्क सारखं नसतं. ब्रिटनमध्ये १९९४ पासून विमान प्रवासी कर आहे. तो तिथून निघणाऱ्या प्रवाशावर लागतो, तिथे उतरणाऱ्यावर नाही. म्हणून मुंबई-लंडनला तो नाही, लंडन-मुंबईला आहे. इकॉनॉमी वर्गातल्या १६ वर्षांखालील मुलांना मात्र तो माफ आहे.

उदाहरण (आकडे सरावासाठी मानलेले आहेत.)

समजा, आईला मुंबईहून लंडनला जाऊन परत यायचं आहे. खात्यात ४०,००० पॉइंट्स आहेत.

- परतीचं तिकीट एकत्र, रोखीने: ५८,००० रु.
- फक्त जाणं: रोख ३६,००० रु., किंवा २०,००० पॉइंट्स + ६,००० रु.
- फक्त येणं: रोख ३४,००० रु., किंवा २०,००० पॉइंट्स + १८,००० रु.

फळ्यावर हे सूत्र लिहा:

एका पॉइंटची किंमत = वाचलेले रुपये ÷ खर्च झालेले पॉइंट्स

जाण्याच्या तिकिटावर मुलं पटकन मांडतील: ३६,००० − ६,००० = ३०,०००; भागिले २०,००० म्हणजे एका पॉइंटला १.५० रु. वा, छान! इथेच त्यांना थांबवा आणि विचारा, “पॉइंट्स नसते, तर आईने खरंच ३६,००० चं एकेरी तिकीट घेतलं असतं का?” नसतं घेतलं. तिने ५८,००० चं परतीचं तिकीट घेतलं असतं. परदेशी प्रवासात दोन एकेरी तिकिटांची बेरीज परतीच्या भाड्यापेक्षा बरेचदा जास्त होते. इथे ती ७०,००० होते. म्हणून तुलना ५८,००० शीच करायची.

१. दोन्ही वेळा पॉइंट्स: रोख २४,०००. वाचले ३४,०००. पॉइंटची किंमत ०.८५ रु.

२. जाताना पॉइंट्स, येताना रोख: ६,००० + ३४,००० = ४०,०००. वाचले १८,०००. किंमत ०.९० रु.

३. जाताना रोख, येताना पॉइंट्स: ३६,००० + १८,००० = ५४,०००. वाचले फक्त ४,०००. किंमत ०.२० रु.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात पॉइंट्स तितकेच गेले, २०,०००. पण दिशा बदलली आणि १४,००० रुपयांचा फरक पडला!

मग पहिला पर्याय चांगला की दुसरा? दुसऱ्यावरून पहिल्याकडे गेलो तर आणखी २०,००० पॉइंट्स देऊन १६,००० रु. वाचतात, म्हणजे पॉइंटला ०.८० रु. हे पॉइंट्स दुसरीकडे यापेक्षा जास्त कामी येणार असतील तर राखून ठेवावेत. मुदत संपत आली असेल, तर वापरून टाकलेले बरे. उत्तर घराघराप्रमाणे बदलेल, आणि मुलांना ते बदलू द्यावं.

गणितात न दिसणाऱ्या गोष्टी

- एकाच परतीच्या तिकिटावर जाण्याचं विमान चुकलं, तर सहसा येण्याचं आरक्षणही रद्द होतं. वेगळ्या तिकिटांत येण्याचं तिकीट शाबूत राहतं.
- वेगळ्या तिकिटांत तारीख बदलण्याचं किंवा रद्द करण्याचं शुल्क प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र लागतं. आईचा मुक्काम लांबण्याची शक्यता असेल, तर हे नियम आधी वाचावेत.
- दोन्ही तिकिटांवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. परतीचं तिकीट वेगळं असल्यामुळे त्याची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी. इमिग्रेशनला विचारलं तर शोधाशोध नको.
- तिकीट रद्द केल्यावर पॉइंट्स परत मिळतात का, आणि त्याला किती शुल्क लागतं, हे आधीच पाहावं.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात येण्याच्या तिकिटात ब्रिटनचा कर १०,००० रु. आहे असं माना. १४ वर्षांच्या मुलासाठी तो दोन्हीकडून वजा करा: रोख भाडं २४,००० आणि पॉइंट्सवरचं शुल्क ८,०००. आता या एकेरी तिकिटावर किती रुपये वाचतात? (उत्तर १६,००० च येईल. का, ते मुलांना सांगू द्या. जो कर दोन्ही मार्गांनी भरावाच लागतो, तो पॉइंट्सनी वाचतच नाही.)

२. परतीचं रोख भाडं ७०,००० असतं, तर तिन्ही पर्यायांत पॉइंटची किंमत किती झाली असती?

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी तिकीट काढताना मुलाला शेजारी बसवा, आणि ‘पैसे भरा’ हे बटण दाबण्याआधी भाड्याचा तपशील त्याला मोठ्याने वाचायला सांगा.