हिरडीतलं रक्त आणि रक्तातली साखर

प्रश्न : माझं वय 58, मधुमेहाला बारा वर्षं झाली. गेले काही महिने ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसतं, म्हणून ब्रशच बंद केला. शेजारच्या पंजाबी काकूंच्या सांगण्यावरून सरसोंच्या तेलात मीठ कालवून बोटानं हिरड्या चोळते. परवा साखरेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहता पाहता विचारलं, "हिरड्या कशा आहेत?" साखरेचा हिरड्यांशी काय संबंध? आणि दातांच्या डॉक्टरांकडे जायचं झालं, तर त्या दिवशी साखरेची गोळी घ्यायची की नाही?
– एक वाचक, मयूर विहार, दिल्ली

उत्तर : आधी आजच मऊ केसांचा नवा ब्रश आणा आणि रात्रीपासून वापरायला लागा. मग पुढचं वाचा.

हिरडी आधीच सुजलेली असते, म्हणून ब्रश लागताच रक्त येतं. 1965 साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथं हाराल्ड लो या दंतसंशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात सूज ओसरली. दाताच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर हेच त्या सुजेचं मूळ होतं. ती माणसं तर धडधाकट होती. तुम्हाला बारा वर्षांचा मधुमेह आहे आणि ब्रश सुटून काही महिने झालेत, म्हणून मला तुमची काळजी वाटते.

साखर चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम भरायला वेळ लागतो. पायाच्या जखमेबाबत हे घरोघरी माहीत असतं, तोंडाचं मात्र कुणी मनावर घेत नाही. चिकट थर कडक होऊन त्याचं कीटण होतं, हिरडी दातापासून सुटते, मधल्या फटीत जंतू खोल उतरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हाच पायरिया. तो बहुतेकदा दुखत नाही, दात हलायला लागेपर्यंत कळतही नाही. 1993 मध्ये याच लो यांनी त्याला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं आणि डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या बरोबरीनं बसवलं.

तुमच्या डॉक्टरांच्या मनात मात्र बहुधा उलटा प्रवास असावा. पायरिया तोंडभर पसरला, तर हिरड्यांखालची सुजलेली जागा 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरते, असा एक अंदाज आहे. म्हणजे पोस्टाच्या दोन ते चार तिकिटांएवढी ओली जखम. हातावर एवढी जखम असती तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठला असता! तिथून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. कॉक्रेन संस्थेनं 2022 मध्ये 35 चाचण्या एकत्र तपासल्या. हिरड्यांखालची सफाई केलेल्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 3-4 महिन्यांत सरासरी 0.43 टक्क्यानं जास्त उतरलेली दिसली. ही सफाई औषधांची जागा घेत नाही, पण एवढी घट कुठलाही डॉक्टर हलकी मानणार नाही.

तेल-मीठ चोळून बरं वाटत असेल, पण बोट त्या फटीत शिरत नाही आणि कीटण तेलानं सुटत नाही. जाड मिठानं हिरडी खरचटते ते वेगळंच. ब्रश दोन वेळा हवा, शिवाय दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रशही. दिल्लीच्या जानेवारीत रात्री नळाच्या पाण्याला हात लावायचं जिवावर येतं हे खरं. कोमट पाणी घ्या, पण रात्रीचं घासणं सोडू नका. गजक-रेवडी खाल्ल्यावर तर नाहीच.

साचलेलं कीटण घरी निघणार नाही. दिल्ली गेटजवळ बहादूरशाह जफर मार्गावर मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आहे, ती सरकारी आहे. एम्सचंही स्वतंत्र दंत केंद्र आहे. तिथं हिरड्यांच्या विभागात दाखवा, अलीकडचा साखरेचा रिपोर्ट आणि औषधांची यादी बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. सफाईनं दात हलतात, असं कुणीतरी सांगेलच. सूज उतरली आणि कीटण निघालं की आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, एवढंच. गाल सुजला, पू आला किंवा ताप चढला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

आता गोळीचं. शक्यतो सकाळची वेळ मागा. रोजचा नाश्ता करा, साखरेची गोळी नेहमीसारखी घ्या. गोळी घेऊन उपाशी मात्र जाऊ नका, रांगेत बसल्या बसल्या साखर एकदम उतरू शकते. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा. हात थरथरले किंवा घाम फुटला तर आधी ती तोंडात टाका, मग डॉक्टरांना हाक मारा.