भूकंपाआधीची स्तुती

22 मे 1997 रोजी पहाटे जबलपूर परिसरात भूकंप झाला. कोसमघाटसारख्या खेड्यांत मातीच्या भिंती व कौलारू छपरे कोसळली, शहरातील इमारतींना तडे गेले. तीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. चार वर्षांपूर्वीच्या किल्लारीच्या आठवणी मराठी मनात तेव्हा ताज्याच होत्या.

अशा पहाटे विश्वासणाऱ्याच्या मुखातून पहिला उद्गार बहुधा हाच निघतो : प्रभो, आम्ही वाचलो, तुझे उपकार! हा उद्गार खोटा नाही. परंतु पडक्या भिंतीपलीकडे जी माता आपल्या लेकराचा मृतदेह मांडीवर घेऊन बसली आहे, तिच्या कानी तो गेला तर? आपले वाचणे हे देवाच्या प्रीतीचे प्रमाण ठरवले, तर तिचे लेकरू जाणे हे कशाचे प्रमाण ठरेल? लूक 18 मधील परुश्यानेही प्रार्थनेचा आरंभ उपकार मानूनच केला होता, हे आपण सहसा विसरतो. शेजाऱ्याहून आपण निराळे आहोत याचाच त्याला आनंद होता.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगितले (1 थेस्स. 5:18). स्थिती चांगली आहे, असे त्याने म्हटलेले नाही. इफिसकरांस लिहिताना तो याहून पुढे जातो (5:20). ते वचन कठीण आहे, आणि शोकग्रस्ताच्या दारात उभे राहून ते घाईने उच्चारू नये. तेथे रडणाऱ्यांबरोबर रडावे. स्तोत्रकर्त्यांनीही विलाप गिळून टाकला नाही; बावीसाव्या स्तोत्रात आक्रोश आधी आहे, मंडळीतील स्तुती मागाहून.

आता फिलिप्पैच्या बंदिशाळेत चला (प्रे. कृत्ये 16). पौल व सीला यांच्या पाठी फटक्यांनी सोलल्या होत्या, पाय खोड्यात होते. मध्यरात्री ते प्रार्थना करीत व गाणी गात देवाची स्तुती करीत होते. भूकंप त्यानंतर झाला. हा क्रम नीट ध्यानात घ्या : सुटका अद्याप दृष्टीतही नव्हती, तेव्हा ही स्तुती सुटकेचे मोल नव्हे. देव कोण आहे, एवढ्यावरच ती उभी होती. आपल्या प्रार्थनासभांत साक्षी बहुधा बरे झालेल्यांच्या, उत्तीर्ण झालेल्यांच्या असतात. ज्यांचे मागणे अजून पदरात पडलेले नाही, त्यांनाही एखादे वेळी उभे राहू द्यावे, असे मला फार वाटते.

आणखी एक गोष्ट. दारे उघडली, बंधने गळून पडली, तरी ते दोघे पळाले नाहीत. वाचलो म्हणून हर्षभरित होण्याऐवजी पौलाने प्रथम मोठ्याने ओरडून बंदिशाळेच्या नायकाला स्वतःचा घात करण्यापासून थोपवले. ज्याने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते, तोच हा मनुष्य. करिंथकरांस लिहिताना पौल गरजवंतांसाठी जमवलेल्या वर्गणीचा संबंध उपकारस्तुतीशी जोडतो (2 करिंथ 9:12), तोही याच अनुभवाला धरून आहे. वाचलेल्याची स्तुती न वाचलेल्याच्या घराकडे वळते.

त्या रात्री, त्याच घटकेस, नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले.